एएफसी विम्बल्डन : चाहत्यांनी उभा केलेला फुटबॉल क्लब

विम्बल्डन म्हटलं की आपल्याला टेनिस आठवतं. पण लंडनच्या या उपनगराचा स्वतःचा फुटबॉल क्लबही होता. याच विम्बल्डन एफसीने १९८८ मध्ये बलाढ्य लिव्हरपूलला १-० असं हरवून एफए कप जिंकला होता.

पुढे मालकांनी क्लबच सुमारे ९० किलोमीटर दूर मिल्टन कीन्स शहरात हलवायचं ठरवलं. मे २००२ मध्ये त्याला परवानगी मिळाली. आपल्या डोळ्यांदेखत क्लब पळवला जातोय म्हणून चिडलेल्या चाहत्यांनी काही आठवड्यांतच नवा क्लब काढला. खेळाडू कुठून आणायचे? विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक मैदानावर खुली निवड चाचणी ठेवली. कोणीही यावं, खेळून दाखवावं!

सुरुवात थेट नवव्या पातळीच्या हौशी लीगपासून झाली. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात हा संघ लीगचे सलग ७८ सामने हरला नाही. नऊ हंगामांत पाच बढत्या मिळाल्या. त्यातली शेवटची सर्वांत अवघड होती. मे २०११ मध्ये मँचेस्टरला ल्यूटन टाऊनविरुद्धचा सामना गोलशून्य राहिला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये विम्बल्डनने ४-३ ने बाजी मारली. क्लब व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. २०१८-१९ मध्ये तर तो मिल्टन कीन्सच्या संघापेक्षा एक पायरी वर खेळत होता.

क्लबचं नियंत्रण आजही चाहत्यांच्या ट्रस्टकडे आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये संघ प्लाऊ लेन या जुन्या परिसरातल्या नव्या स्टेडियममध्ये परतला. कोविडमुळे पहिल्या सामन्याला प्रेक्षकांना मात्र प्रवेश नव्हता.