तिनाचा फेरा आणि देवळालीचे मास्तर

विद्यार्थी मित्रहो, कोणतीही चार अंकी संख्या घ्या. मात्र चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक प्रथम उतरत्या व मग चढत्या क्रमाने लिहा आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करा. ३५२४ पासून निघाल्यास ३०८७, ८३५२ आणि ६१७४ अशी उत्तरे येतात. पुढे मात्र ६१७४ जागचा हलत नाही. कोणतीही संख्या घेतली तरी फार तर सात पायऱ्यांत आपण येथेच पोहोचतो.

हा शोध १९४६ साली लावणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळील देवळालीचे शाळामास्तर. १९०५ साली डहाणूस जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण आणि १९३० ते १९६२ शाळेत अध्यापन, असा त्यांचा साधा जीवनक्रम होता.

आता हीच क्रिया दोन अंकी संख्येवर करून पाहा. २७ वरून ४५, मग ०९, ८१, ६३ आणि पुन्हा २७! येथे संख्या स्थिरावत नाही. पाच पायऱ्यांचा फेरा धरते. दोन भिन्न अंकांची कोणतीही संख्या अखेर याच फेऱ्यात सापडते. दुसरा फेरा नाहीच.

मग प्रश्न असा की, एक फेरा असला म्हणजे दुसरा असलाच पाहिजे, असे कधी घडते काय? घडते, पण त्यासाठी नियम अखंड हवा, म्हणजे त्याचा आलेख पेन्सिल न उचलता काढता आला पाहिजे. वजाबाकीचा वरील खेळ उड्या मारीत जातो, म्हणून तेथे ही सक्ती नाही.

एक अखंड नियम पाहू. १ ते २ मधील संख्येत १ मिळवा. २ ते ३ मधील संख्येची दुप्पट ७ मधून वजा करा. १ वरून २, २ वरून ३ आणि ३ वरून पुन्हा १, असा तिनाचा फेरा झाला. येथे २ ही संख्या वर चढते, ३ खाली उतरते. नीरा डाव्या कालव्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला जाणाऱ्यास मधले पाणी ओलांडावेच लागते. तसेच २ आणि ३ यांच्यामध्ये न चढणारी, न उतरणारी एक संख्या असलीच पाहिजे. ती आहे ७/३. शिवाय ५/३ वरून ८/३ व तेथून परत ५/३, असा दोनाचा फेराही सापडतो. पडताळून पाहा.

युक्रेनचे गणिती ओलेक्सांद्र शार्कोव्स्की यांनी १९६४ साली याचा संपूर्ण क्रम सिद्ध केला. प्रथम ३, ५, ७ अशा विषम संख्या, मग त्यांच्या दुपटी, चौपटी आणि पुढील पटी, शेवटी... ८, ४, २, १. या क्रमातील ज्या लांबीचा फेरा असेल, तो आपल्यामागून येणारे सर्व फेरे ओढून आणतो. पाचाचा फेरा तिनाखेरीज सारे आणतो. आणि तिनाचा फेरा असला की कोणताही फेरा चुकत नाही.

हा लेख रशियन भाषेत होता. पाश्चात्त्य जगात तो फारसा वाचला गेला नाही. १९७५ साली ली आणि यॉर्क यांनी अमेरिकेत स्वतंत्रपणे दाखविले की, तिनाचा फेरा असला की सर्व फेरे येतात आणि अनागोंदीही येते. त्यानंतर शार्कोव्स्कींच्या जुन्या कार्याकडे जगाचे लक्ष गेले. योगायोग असा की, त्याच वर्षी मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकन मासिकातून कापरेकरांचा परिचय करून दिला. तेव्हा मास्तर सत्तरीत होते. १९८६ साली ते निवर्तले.

पालकहो, दोघांचाही प्रश्न एकच होता : हेच पुन्हा केले तर काय होईल? मूल असे विचारील तेव्हा “परीक्षेत येणार नाही” म्हणून त्याला गप्प करू नका. कागद द्या आणि शेजारी बसा.