हिरवा ठिपका

परवा सदाशिव पेठेत धाकट्या जावेकडे गेले होते. तिला मधुमेह. चहाबरोबर तिने क्रीमच्या बिस्किटांचा पुडा फोडला. मी म्हटलं, "अगं, तुला चालतं का हे?" तर पुडा माझ्यापुढे धरून म्हणते, "ताई, हिरवा ठिपका आहे की! सरकारी खूण आहे."

मंडळी, हसू आलं खरं, पण तिला नावं ठेवावीशी वाटेना.

आमच्या लहानपणी वेष्टनावर वाचायला काही नसायचंच. वाणी रद्दीच्या पुड्या दोऱ्याने बांधून द्यायचा. विश्वास असलाच तर त्या वाण्यावर. साजूक तुपात वनस्पतीची भेसळ हा त्या काळचा मोठा घोर. त्यावर सरकारने काढलेली युक्ती मला फार आवडते. वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचं तेल घालायची कारखान्यांवर सक्ती केली. तिळाच्या तेलाला ठरावीक रसायनांनी लाल रंग येतो, त्यामुळे तुपात वनस्पती मिसळलं की चोरी पकडली जाई. खूण डब्यावर नव्हे, मालातच! पण ती वाचायची प्रयोगशाळेने. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसणारी खूण म्हणजे 1937 च्या कायद्यातून आलेला अ‍ॅगमार्क. पुढे 1954 चा भेसळ प्रतिबंधक कायदा आला, 1974 साली आपल्या पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. भांडण होतं ते माल खरा की खोटा, माप पुरं की अपुरं, याचं. खऱ्या मालानेही प्रकृती बिघडते, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात होतं?

हिरवा ठिपका 2001 चा. मांसाहारी पदार्थांचा तपकिरी त्याच्या थोडा आधीचा. (2020 च्या नियमांनी त्याचा त्रिकोण झाला, रंग न ओळखता येणाऱ्यांची सोय म्हणून.) ना अक्षरओळख लागते, ना चष्मा. पण तो सांगतो एवढंच, की आत मांस, मासे, अंडं नाही. साखर-मिठाबद्दल अवाक्षर नाही. जाऊबाईंनी हिरवा म्हणजे प्रकृतीला चांगला, हा अर्थ पदरचा घातला.

साखरेचा आकडा असतो मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात, 100 ग्रॅमच्या हिशेबाने. तोही इंग्रजीत किंवा हिंदीत दिला की नियम पाळला जातो. मराठीची सक्ती नाही. मी मराठी माध्यमातून बीए झालेली, जन्मभर शाळेत शिकवलं, तरी 'सॅच्युरेटेड फॅट'पाशी अडखळतेच.

2022 साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पुढच्या बाजूला अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे छापायचा मसुदा काढला. मास्तरीण म्हणून सांगते, वहीवर एक तारा दिला तरी पोरगं घरी नाचत जातं. तारा म्हणजे शाबासकी! त्यापेक्षा चिली देशाने 2016 पासून काळा अष्टकोन छापायला लावला, 'साखर जास्त', 'मीठ जास्त' असा सरळ इशारा, तो मला पटतो. आपल्याकडे एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं, जुलैत मुदत वाढली. असो.

चष्मा लावून मी जावेला तक्ता वाचून दाखवला. 100 ग्रॅममध्ये साखर पस्तीसच्या वर. ती गप्प झाली. मग म्हणाली, "अगंबाई, मग हे पुढे का नाही लिहीत?"

पुडा मात्र तिने नातवासाठी डब्यात भरून ठेवला.