नळ आला त्या दिवशी

पहाटे ५:१० (सहा तास बेचाळीस मिनिटं आधी)

नळ आला नव्हता. आमच्या गल्लीत तो रोज येत नाही, आणि येतो त्या दिवशीही त्याची वेळ त्याच्याच मर्जीची. अव्वा, म्हणजे माझी आई, अंधारात उठून कान देऊन बसली होती. पाइपात हवा शिरली की सूं असा आवाज होतो, त्याची वाट बघत. मी स्वेटर चढवून बाजार समितीकडे निघालो. जानेवारी म्हणजे दुधनीत तुरीचे दिवस. इकडची अक्कलकोट तालुक्यातली, तिकडची अफझलपूर-आळंदची तूर अडत्यांच्या दुकानांपुढे उतरते, आणि माझ्यासारख्या मुनिमाला दुपारपर्यंत मान वर करायला सवड नसते.

पोरगी गोधडीत होती. सोळा महिन्यांची. चालायला लागून अकरा दिवस झालेले.

सकाळी ८:२० (तीन तास बत्तीस मिनिटं आधी)

नळ आला. उशिरा आला की सगळी कामं एकमेकांच्या पायात येतात. घागरी, बादल्या, शेवटी न्हाणीपुढचं मोठं निळं बॅरल. ह्या वेळेपाशी मी पुढे कित्येक रात्री अडकून पडलो. नळ वेळेवर आला असता तर स्वयंपाक दहालाच उरकला असता.

१०:०५ (एक तास सत्तेचाळीस मिनिटं आधी)

हिच्या माहेरची माणसं कलबुर्गीहून गाडी करून निघाल्याचा फोन. चार ताटं वाढली, म्हणून कुकर बाजूला राहिला आणि मोठं पातेलं निघालं. डाळ मीच ओळखीच्या दालमिलमधून आणली होती, दाट शिजणारी. तिचं कौतुकही मीच सांगत फिरलो होतो.

११:१५ (सदतीस मिनिटं आधी)

लाईट गेली. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नावापुरती. ओट्याच्या एका शेगडीवर भात, दुसरीवर दूध, आणि अंधार. हिनं वरणाचं पातेलं उचललं आणि दाराशी, उजेडात, खाली चुंबळीवर ठेवून फोडणी घातली. घरोघर हेच करतात. माझी आई असंच करत आली, तिची आईही.

११:४० (बारा मिनिटं आधी)

अव्वा पोरीला अंगणात खेळवत होती. दारात भाजीवाली आली. अव्वानं पोरीला खाली सोडलं. अव्वा म्हणते एक मिनिट, ही म्हणते पाच.

११:५१ (एक मिनिट आधी)

एरवी मी एकच्या पुढे घरी येतो. पाहुणे येणार म्हणून लवकर आलो. उंबऱ्यावर चपला काढल्या आणि रोजच्यासारखी हाक मारली, "कोण आलंय बघ!"

११:५२

त्या दिवसांत तिला चालता येत होतं, वळता येत नव्हतं. वळायला गेली की मागे बसायची. माझ्या आवाजाकडे वळली आणि मागे बसली. तोल सावरायला टेकवलेला उजवा हात पातेल्यात गेला, पातेलं कलंडलं.

तिचं रडणं मला आठवत नाही. पातेल्याचा आवाज आठवतो.

११:५३

अव्वा तुपाची बरणी घेऊन आली. कुणी टूथपेस्ट म्हणालं, कुणी शाई, कुणी बटाटा किसायला धावलं. मी खिशातलं पाकीट हातात धरून उभा होतो. का, ते आजही सांगता यायचं नाही. तेवढ्यात शेजारच्या अक्का परसातून ओरडत आल्या, "मोदलु नीरु हाक!" आधी पाणी ओत. अक्का नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांनी अव्वाच्या हातून बरणी काढून घेतली आणि पोरीला उचलून निळ्या बॅरलपाशी नेलं.

उकळतं पाणी अंगावर पडलं तर निदान ओघळून जातं. वरण चिकटून राहतं आणि चिकटल्या जागी कातडी शिजवत राहतं. ते धुऊन निघेपर्यंत भाजणं थांबलेलंच नसतं. तांब्यामागून तांब्या ओतताना अक्का सांगत होत्या: मनगटातलं चांदीचं कडं काढ, सूज आली की निघायचं नाही. करगोटा काप. झबलं काप, पण कातडीला चिकटलंय तिथं ओढू नकोस. कुणीतरी बर्फ आणला, तो त्यांनी लांब ठेवायला लावला. बर्फानं भाजलेली कातडी आणखी बिघडते. बाकीचं अंग टॉवेलात गुंडाळायला लावलं, कारण थंडीचे दिवस आणि तान्ह्यांचं अंग लवकर गार पडतं.

"घड्याळ लाव," त्या मला म्हणाल्या. "वीस मिनिटं. कमी नाही."

त्या वीस मिनिटांत काय झालं हे एका वाक्यात सांगता येतं: आम्ही पाणी ओतलं. पण किती वेळ लागला ते सांगता येत नाही. सात मिनिटं झाली तेव्हा मला वाटलं तास झाला. अकराव्या मिनिटाला हिनं "बास, निघू" म्हटलं. अक्कांनी मानच हलवली.

बॅरल अर्धं झालं.

दुपारी १२:२०

धुतलेल्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा हातावर सैल गुंडाळला. आजारपणाला आमच्या गावातून दोन वाटा निघतात: एक अक्कलकोटवरून सोलापूरची, दुसरी सीमेपलीकडे कलबुर्गीची. १०८ ला फोन लावतच होतो, तोवर पाहुण्यांची गाडी दारात उभी राहिली. ज्यांच्यासाठी पातेलं मोठं निघालं, त्यांच्याच गाडीतून आम्ही कलबुर्गीला गेलो.

२:१०

डॉक्टरांनी तीन गोष्टी विचारल्या: काय सांडलं, कधी सांडलं, पाणी किती वेळ ओतलं. मग तिचाच धड हात भाजलेल्या जागेवर धरून मोजलं. ज्याचा त्याचा तळवा, बोटांसकट, म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का. सहा तळवे भरले. दहाच्या पुढे गेलं तर मुलांना शिरेतून पाणी देणं भाग पडतं. ती अलीकडे होती, पण हाताचं भाजणं साधं धरत नाहीत, म्हणून ठेवून घेतलं. कागदावर त्यांनी लिहिलं: पाणी, २० मिनिटं. आमच्या कुणाच्या चुकीबद्दल त्या कागदावर रकाना नव्हता.

रात्री, आणि पुढच्या रात्री

वर दिलेल्या वेळा तेव्हा कुणी पाहिल्या नव्हत्या. त्या मी नंतर जुळवल्या, वॉर्डाबाहेरच्या बाकावर. सकाळी ८:२० ला नळ फक्त आला होता. तो "आधी" झाला ११:५२ नंतर. असा हिशेब हिचाही चालू होता, तो ११:१५ ला सुरू व्हायचा आणि पातेल्यापाशी थांबायचा. अव्वाचा भाजीवालीपासून. एकाच घरात तीन घटनाक्रम, आणि प्रत्येकात गुन्हेगार लिहिणाराच.

जेम्स रीझन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९९० च्या सुमारास मांडलं की अपघात एका चुकीनं होत नाही. एकामागे एक लावलेल्या भोकांच्या चकत्यांसारखी व्यवस्था असते, भोकं एका रेषेत आली की संकट आरपार जातं. दालमिलच्या चाळण्या पाहिलेल्या माणसाला हे पटकन कळतं. विमानांच्या अपघाताला ते उपयोगीही असेल. घरात मात्र चाळण्यांना नावं असतात, आणि रात्री त्या एकाच खोलीत झोपतात.

नवव्या दिवशी

हाक मारल्याचं मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ड्रेसिंग बदलताना पोरगी किंचाळली आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ही पट्टी धरूनच होती.

"मग? रोजच तर मारता हाक," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाटलं तुम्ही पातेल्याबद्दल काही बोलत नाही म्हणजे मनात धरलंय."

अव्वा दारात उभी राहून ऐकत होती. ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी जेवली.

सतराव्या दिवशी

बोटांवर, मनगटावर नवी गुलाबी कातडी आली. कोपराजवळचा एक तुकडा खोल गेला होता, त्याला आणखी आठवडे लागणार, मग तेलाची मालिश. कडं डब्यातच आहे.

मी दारातून हाक मारणं सोडून दिलं होतं, चपलासुद्धा आवाज न करता काढायचो. त्या दुपारी ती आतून आली, उंबऱ्यापाशी थांबली, आणि पट्टीचा हात माझ्याकडे करून म्हणाली, "कोन?"

मग वळली आणि आत गेली. बसली नाही.

नळ आला की अव्वा आता आधी निळं बॅरल भरते. घागरी नंतर.