फॅक्टर आठचे मापन
हिमोफिलिया ‘ए’ या आनुवंशिक विकारात उणा पडणारा, रक्त गोठण्यास लागणारा घटक म्हणजे फॅक्टर आठ, वजनावरून नव्हे, तर त्याच्या कामावरून मोजतात : रुग्णाचा विरळ केलेला प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरलेला रक्तद्रव, फॅक्टर आठ नसलेल्या प्लाझ्मात मिसळून, त्यात गोठणक्रिया चालू करणारे द्रावण व शेवटी कॅल्शियम घालून, गुठळी होण्यास लागलेले सेकंद प्रमाणित प्लाझ्माच्या आलेखाशी ताडतात. पातळी सामान्याच्या १ टक्क्याहून कमी भरल्यास विकार तीव्र समजतात. हा घटक लवकर क्षीण होत असल्याने, गोठण रोखणाऱ्या सायट्रेटमध्ये घेतलेल्या रक्तातून प्लाझ्मा साधारण ४ तासांत वेगळा करावा लागतो. म्हणूनच मुंबईत बोरिवली-मुलुंडच्या रुग्णाने, प्रवास कष्टाचा असला तरी, परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीसारख्या ठिकाणी स्वतः जाऊन रक्त देणे, नमुना दुरून पाठवण्यापेक्षा अधिक भरवशाचे ठरते.