गाय, वाघ, उंदीर, लांडगा : बहुपर्यायी परीक्षा आणि तिच्या युक्त्या

मराठी साहित्याच्या अध्यापकांनी बहुपर्यायी परीक्षांच्या इतिहासात शिरावे, हे काही वाचकांना विषयांतर वाटण्याची शक्यता आहे. परंतु तो इतिहास आमच्या वर्गापर्यंत केव्हाच येऊन पोहोचला आहे. महाविद्यालयीन अध्यापकांसाठीच्या ‘नेट’ परीक्षेची तिसरी पत्रिका पूर्वी लेखी उत्तरांची असे; जून २०१२ पासून तीही वस्तुनिष्ठ झाली. आम्ही ही परीक्षा दिली तेव्हा साहित्याविषयी काही सलग लिहावे लागे. आज मराठीच्या अध्यापनाची पात्रता एकही मराठी वाक्य न लिहिता सिद्ध करता येते. साहजिकच एम. ए.चे विद्यार्थी आम्हांला कवितेइतकेच पर्यायांविषयी विचारू लागले आहेत : अंदाजपंचे खूण करावी का? पहिले उत्तर बदलावे का? सर्वांत लांब पर्याय बरोबर असतो हे खरे का?

या प्रश्नांना आमच्या क्षेत्रात सहसा दोनच प्रतिसाद मिळतात. एक, नाक मुरडणे. दुसरा, क्लासच्या जाहिरातीतली भक्ती. आम्हांला दोन्ही अपुरे वाटतात. इतिहास पाहिला तर दिसते ते असे की, युक्ती ही परीक्षेबाहेरून आलेली लबाडी नव्हे. परीक्षा घेणाऱ्याने सोयीसाठी घेतलेल्या प्रत्येक निर्णयातून एकेक युक्ती जन्मली आहे.

आरंभ न्यायबुद्धीतून झाला, हे प्रथम नोंदवले पाहिजे. १९१२ साली अमेरिकेत डॅनिएल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती अनेक शाळांकडे पाठवल्या. १४२ शिक्षकांनी ती तपासली आणि शंभरपैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण दिले. उत्तर तेच, अक्षर तेच. बदलला तो केवळ परीक्षक. फ्रेडरिक केली यांचा १९१४ मधील प्रबंधही शिक्षकांच्या गुणदानातील याच तफावतीवर होता. त्यांनी कॅन्ससमध्ये मुलांच्या मूकवाचनाची जी चाचणी तयार केली, ती बहुपर्यायी प्रश्नांची पहिली चाचणी मानली जाते. तीत गाय, वाघ, उंदीर, लांडगा अशी चार नावे देऊन शेतावर उपयोगी पडणाऱ्या प्राण्याच्या नावाभोवती रेघ ओढायला सांगितले होते. उत्तर एकच, परीक्षकाच्या लहरीला जागा नाही. मात्र त्याच क्षणी दुसरी एक गोष्ट घडली. ज्या मुलाला गाईविषयी खात्री नाही, पण वाघ आणि लांडगा नकोत एवढे कळते, त्याचे काम निम्म्याने सोपे झाले. नको ते पर्याय गाळत जाणे ही या परीक्षेची पहिली युक्ती, आणि ती परीक्षेइतकीच जुनी आहे.

दुसरी युक्ती सैन्यातून आली. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्रज्ञांनी ‘आर्मी अल्फा’ आणि निरक्षरांसाठी ‘आर्मी बीटा’ या चाचण्या रचल्या; सुमारे सतरा लाख सैनिक त्यांतून गेले. अल्फामधील एका भागात दोन शब्द समानार्थी की विरुद्धार्थी एवढेच सांगायचे होते. खात्री नसेल तर अंदाज करा, अशी सूचना छापलेली होती. गुण मात्र बरोबर उत्तरांतून चुकीची उत्तरे वजा करून दिले जात. आजच्या ‘निगेटिव्ह मार्किंग’चे हे एक जुने रूप.

त्यामागचे गणित साधे आहे, आणि आमच्या मते ते प्रत्येक परीक्षार्थीला ठाऊक असावे. पर्याय पाच असतील आणि चुकीला पाव गुण कापला जात असेल, तर आंधळ्या अंदाजातून सरासरी ना लाभ, ना तोटा. अमेरिकेतील ‘सॅट’ परीक्षेत २०१६ पर्यंत हीच पद्धत होती. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत पर्याय चार आणि कपात एक तृतीयांश. तेथेही हिशेब शून्यावर येतो. पण एक पर्याय खात्रीने गाळता आला की उरलेल्या तिघांतून निवडणे सरासरीने लाभाचे ठरते. ‘नीट’मध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा. शंभर प्रश्नांवर डोळे मिटून खुणा केल्या तर सरासरी पंचवीस बरोबर येतील. शंभर गुण मिळतील, पंचाहत्तर जातील, पंचवीस उरतील. म्हणजे येथे भीती जेवढी दाखवली जाते तेवढी नियमात नाही. आणि जेथे कपातच नाही, जसे ‘नेट’मध्ये किंवा महाराष्ट्राच्या सीईटीत, तेथे प्रश्न कोरा सोडणे म्हणजे पदरचे गुण टाकणे होय. हे गणित ज्याला कोणी सांगितले नाही तो विद्यार्थी भिऊन जागा कोऱ्या सोडतो. त्याचे अज्ञान विषयाचे नसते, नियमाचे असते. गुण मात्र विषयाचे जातात.

तिसरा टप्पा यंत्राचा. मिशिगनमधील शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या रेनॉल्ड जॉन्सन यांनी शिसपेन्सिलीच्या खुणेतून वीज वाहते या तत्त्वावर गुण मोजण्याची कल्पना लढवली, आणि आयबीएमने १९३८ मध्ये तसे यंत्र बाजारात आणले. वर्तुळ गडद करा, खाडाखोड स्वच्छ करा, हा उपदेश तेव्हापासूनचा. यंत्राला तर्क दिसत नाही, खूण दिसते. म्हणून विद्यार्थीही खुणेचा विचार करू लागला.

एवढे झाल्यावर शिकवणीवर्ग उभा राहणे अटळ होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात स्टॅन्ली कॅप्लन १९३८ पासून घरी शिकवण्या घेत. १९४६ पासून ते ‘सॅट’ची तयारी करून घेऊ लागले. परीक्षा घेणाऱ्यांचा दावा होता की ही परीक्षा अंगभूत क्षमता मोजते, शिकवणीने तीत फारसा फरक पडत नाही. १९७९ साली तेथील संघराज्य व्यापार आयोगाच्या तपासात निष्पन्न झाले की काही शिकवण्यांमुळे काही विद्यार्थ्यांचे गुण खरोखर वाढतात. ज्या परीक्षेने परीक्षकाचा पक्षपात काढला, तिच्यात शुल्क भरू शकणाऱ्याचा लाभ मागच्या दाराने शिरला.

योगायोग असा की, त्याच १९७९ साली, कोठारी समितीच्या शिफारशींनंतर, आपल्याकडे नागरी सेवांसाठी वस्तुनिष्ठ पूर्वपरीक्षा सुरू झाली. हजारोंतून थोडे निवडायचे तर दुसरा मार्ग व्यवहार्य नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. पुढे २००६ मध्ये आयआयटीची प्रवेशपरीक्षा पूर्णपणे वस्तुनिष्ठ झाली, २०१३ मध्ये ‘नीट’ आली. बारावीच्या गुणवत्ता यादीमुळे गाजलेला ‘लातूर पॅटर्न’ही आता प्रामुख्याने ‘नीट’च्या नावाने ओळखला जातो.

युक्त्यांचा अभ्यासही शास्त्र म्हणून झाला. १९६५ मध्ये मिलमन, बिशप आणि एबेल यांनी ‘परीक्षाचातुर्या’चे वर्गीकरण केले : वेळेचा विनियोग, चुका टाळणे, अंदाज, पर्यायांवरून तर्क, प्राश्निकाचा हेतू ओळखणे, आणि प्रश्नातच राहून गेलेल्या खुणा हेरणे. पहिले उत्तर बदलू नये, हा घरोघरीचा सल्ला मात्र या अभ्यासांत टिकत नाही. क्रुगर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बदललेल्या उत्तरांपैकी सुमारे निम्मी चुकीकडून बरोबरकडे गेली होती, बरोबरकडून चुकीकडे गेलेली सुमारे पाव. बदलून चुकल्याची हळहळ अधिक लक्षात राहते, म्हणून समज टिकून आहे.

प्रश्नात राहून गेलेली खूण म्हणजे काय, हे मराठीत फार स्पष्ट दिसते. समजा प्रश्न असा आहे : ‘बाबा पदमनजी यांची १८५७ साली प्रसिद्ध झालेली “यमुनापर्यटन” ही एक ––– आहे.’ पर्याय : नाटक, प्रवासवर्णन, काव्यसंग्रह, कादंबरी. नावामुळे अजाण विद्यार्थी प्रवासवर्णनाकडे वळावा, असा प्राश्निकाचा डाव. पण ‘यांची’ आणि ‘ही’ या दोन शब्दांनी तो उधळला. चारांत स्त्रीलिंगी शब्द एकच. व्याकरण जाणणाऱ्याला पुस्तक उघडण्याची गरजच उरली नाही.

आमची अस्वस्थता येथे आहे. यमुना आपल्या पतीसह हिंडताना ज्या विधवांची दुःखे पाहते, त्यांतले एकही या विद्यार्थ्याच्या कानावर गेलेले नाही. त्याचा गुण आणि कादंबरी दोनदा वाचलेल्याचा गुण उत्तरतालिकेत सारखाच. उद्या पहिला विद्यार्थी अध्यापक झाला तर वर्गात तो काय शिकवील? बहुधा ‘ही’ आणि ‘यांची’ शोधायला.

म्हणून जुनी निबंधवजा परीक्षा जशीच्या तशी परत आणावी, असे आम्ही म्हणत नाही. तिच्याही युक्त्या होत्या : अपेक्षित प्रश्नसंच, अधोरेखने, पुरवण्यांची जाडी, आणि ६४ ते ९८ हा अनुभव आपल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना अपरिचित नाही. आमचे म्हणणे दोनच गोष्टींपुरते आहे. एक, गुणदानाचे गणित, पर्याय गाळण्याची रीत, वेळेची वाटणी हे सारे महाविद्यालयाने आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला विनाशुल्क शिकवावे. त्याला दोन तासिका पुरतात. त्यासाठी कोणाच्या आईवडिलांनी कर्ज काढू नये. दोन, अध्यापक निवडताना त्याने कोणतीही एक साहित्यकृती वाचून स्वतःच्या वाक्यांत चार पाने लिहावीत आणि ती दोन परीक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासावीत. खर्च वाढेल, वेळ लागेल, वादही होतील. केली यांना जी तफावत खुपली ती खरी होती; पण तिच्यावरचा उपाय परीक्षकाने वाचणेच सोडून देणे, हा नव्हता.