सरफोजीराजांची काशीयात्रा

1818 साली पेशवाई बुडाली आणि दुसरे बाजीराव गंगाकाठी, कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास कायमचे राहावयास गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1820 मध्ये, आणखी एक मराठा राजा गंगेच्या वाटेला लागला. हे तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले. बाजीरावांना त्या काठावरून परतायचे नव्हते. सरफोजींनी मात्र परत येण्याच्या तयारीनेच घर सोडले होते.

राजे म्हणावे, तर राज्य हाती राहिले नव्हते. 1799 च्या तहाने तंजावरचा सारा कारभार कंपनी सरकारकडे गेला; किल्ला आणि त्याच्या आसपासचा थोडा मुलूख तेवढा राजांकडे उरला. फौज नव्हती, मोहीम नव्हती. पण डेरेदांडे घेऊन दूरदेशी मजला मारण्याची विद्या भोसल्यांच्या घरात पिढ्यांची होती. व्यंकोजीराजे त्याच विद्येच्या बळावर कर्नाटकातून कावेरीकाठी उतरले होते. सरफोजींनी ती तीर्थयात्रेसाठी वापरली.

या स्वारीत सुमारे तीन हजार माणसे होती. त्या आकड्याचा अर्थ हिशेब केल्यावाचून ध्यानात येत नाही. माणशी दिवसाला एक शेर शिधा धरला, तरी रोज पंचाहत्तर मण धान्य हवे. सरपण, पाणी आणि जनावरांची वैरण निराळीच. तंजावरपासून काशी सरळ रेषेत हजार मैलांहून दूर. दिवसाला दहा मैलांची मजल मानली, तरी एकही मुक्काम न वाढवता शंभरावर मजला होतात. आणि वाट तर कधीच सरळ नसते. दक्षिणेकडून उत्तरेस जाणाऱ्याला कृष्णा, गोदावरी यांसारख्या नद्या आडव्या येतात. त्या काळी त्यांवर पूल नव्हते. म्हणून केव्हा निघावे, हे पंचांगाइतकेच पावसाळाही ठरवीत असे.

बड्या स्वारीचा रिवाजही ठरलेला असे. काही माणसे राहुट्या आणि कनाती घेऊन आधीच पुढे जात. पाणी जवळ, पण जमीन कोरडी, अशी जागा पाहून ती तळ उभा करीत. मागची मंडळी पोचेतो चुली पेटलेल्या असत. शिवाय वाट होती कंपनीच्या आणि इतरांच्या मुलखातून. ज्या भूमीवर आपला हुकूम चालत नाही, तेथे तीन हजारांचा तळ शिस्तीने राखायचा, ही या यात्रेची खरी कसोटी होती.

प्रवाशाच्या गरजा सरफोजींना नव्या नव्हत्या. तंजावरच्या मुलखात रामेश्वराच्या वाटेवर भोसल्यांनी अन्नछत्रे बांधली होती. तेथील लोक त्यांना ‘छत्रम्’ म्हणतात. उत्तरेकडून सेतूला निघालेला यात्रेकरू तेथे विसावे, जेवे, आजारी पडल्यास औषध घेई. 1801 साली राजांनी रेसिडेंट टॉरिन यांना पत्र लिहून ही छत्रे आपल्याकडेच राहावीत अशी विनंती केली. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्वांना तेथे अन्न मिळते, पोरक्या मुलांना शिक्षण मिळते, हे त्यांनी त्या पत्रात मांडले. राज्य गेल्याचे दुःख गिळणाऱ्या या राजाला वाटसरूचे अन्न तोडणे मात्र सोसवत नव्हते. वीस वर्षे काशीच्या यात्रेकरूंना जेवू घालणारा हा यजमान 1820 मध्ये स्वतःच वाटसरू झाला. वाटेतल्या मुक्कामांवर त्यांनी दानधर्म केला, काही तीर्थस्थानांचा जीर्णोद्धार केला.

परतताना यात्रेकरू गंगोदक आणतो. सरफोजींनी आणखी बरेच काही आणले. काशीच्या पंडितांकडून मिळविलेल्या संस्कृत पोथ्या आणल्या. गंगेवरचे घाट आणि तेथील देवस्थाने चितारून घेतली. ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ या नावाने या प्रवासावर मराठीत रचनाही झाली. म्हणजे काशी, प्रयाग आणि गया ही तीन क्षेत्रे तंजावरच्या मराठी माणसाला घरबसल्या दिसू लागली.

1832 साली सरफोजी निवर्तले. 1855 मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे यांना पुत्रसंतती नसता मृत्यू आला आणि कंपनीने उरलेसुरले संस्थानही खालसा केले. परंतु पोथ्या टिकल्या. 1880 मध्ये बर्नेल यांनी राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची सूची लंडनहून प्रसिद्ध केली, आणि 1918 पासून सरस्वती महालाचे ते ग्रंथालय सर्वांना खुले झाले.

तळ उठला की मागे चुलीची राख आणि खुंट्यांची भोके तेवढी उरतात. पहिल्या पावसात तीही बुजून जातात. तंजावरच्या या तळाने मात्र आपल्या मागे ग्रंथ ठेवले. मोहिमेवरून परतणारे राजे लूट आणीत. राज्य नसलेल्या या राजाने आणलेले धन अद्याप कुणी खालसा करू शकलेले नाही.