यू-२ प्रकरण
अमेरिकेचे टेहळणी विमान सोव्हिएट हद्दीत पाडले गेल्याने उद्‌भवलेला आंतरराष्ट्रीय पेचप्रसंग. सु. २१,००० मी. उंचीवरून उडणारे हे विमान माऱ्याबाहेर राहील, अशी अमेरिकेची अपेक्षा होती. तथापि १ मे १९६० रोजी पेशावरहून नॉर्वेकडे निघालेले यू-२ स्व्हर्डलॉफ्स्कजवळ क्षेपणास्त्राने पाडण्यात आले. ते हवामान-संशोधनाचे विमान असल्याचा अमेरिकेचा खुलासा, वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स जिवंत असल्याचे क्रुश्चॉव्ह यांनी ७ मे रोजी जाहीर करताच खोटा ठरला. आयझनहौअर यांनी जबाबदारी स्वीकारली. परंतु क्षमायाचनेस नकार दिल्याने पॅरिसची शिखर परिषद उधळली गेली. पॉवर्सला १० वर्षांची शिक्षा झाली. १९६२ मध्ये सोव्हिएट हेर रूडॉल्फ आबेलच्या बदल्यात त्याची मुक्तता झाली. सोव्हिएट प्रदेशावरील ही उड्डाणे थांबून टेहळणीचे कार्य उपग्रहांकडे गेले.